चुलीत गेलेले बी

भिंतीला चुना देण्यापूर्वी तिच्यावरचे जे जे सैल असेल ते खरवडून काढावे, नाहीतर पहिल्याच उन्हाळ्यात पोपडे सुटतात. हा नियम बरोबर आहे. तो मी पुष्कळांना शिकवला आणि आजही शिकवीन. मात्र खरवडण्याआधी भिंतीवर काय आहे हे घरच्या माणसाला विचारावे, हा त्याच्याही आधीचा नियम मला ठाऊक नव्हता. तेवढी चूक क्षम्य होती. तिच्यानंतर मी जे केले ते क्षम्य नव्हते, आणि ते मी अद्याप कुठे लिहून ठेवलेले नाही.

वऱ्हाडचा कारभार तेव्हा मध्यप्रांताबरोबर नागपुरातून चाले. संग्रामपूरच्या जवळच्या एका खेड्यात मी प्राथमिक शिक्षक होतो. मूळचा नांदुऱ्याचा. वडील कापसाची सरकी काढणाऱ्या एका जिनात कारकून, त्यामुळे शेत ही आगगाडीच्या रुळांच्या पलीकडे दिसणारी वस्तू, एवढेच माझे ज्ञान. खेड्यात एका विधवा शेतकरीण बाईंच्या घरची पडवी मला राहायला मिळाली होती. मी त्यांना मावशी म्हणे. अंगणाच्या काटक्यांच्या कुडापलीकडे कापूस पिंजणाऱ्या मुसलमान कुटुंबाचे घर होते. त्या घरच्या बाईला सगळा गाव चाची म्हणे. मावशींच्या गाईचे शेण चाचीने न्यावे, गोवऱ्या थापाव्यात, निम्म्या इकडे द्याव्यात, आणि रोज सकाळी कुडाच्या भगदाडातून मावशींनी तिला मडकेभर ताक द्यावे, अशी त्यांची वहिवाट होती. चाचीच्या घरात भाकरी त्या ताकाशीच खाल्ली जाई.

रविवार हा माझा उद्योगाचा दिवस असे. शनिवारी संध्याकाळी मी कामांची यादी करी आणि रविवारी एकेक काम पुरे करून त्यावर रेघ मारी. वैशाखातल्या एका शनिवारी मावशी लेकीकडे नांदुऱ्याला गेल्या होत्या, सोमवारी परतणार होत्या. घरे पांढरी व हवेशीर ठेवावीत असे एक परिपत्रक नुकतेच शाळेत आले होते. मी यादीत लिहिले : स्वयंपाकाच्या सोप्याला चुना देणे. मावशी येतील तेव्हा चकित होतील, हा विचार यादीत लिहिला नव्हता, पण मुख्य तोच होता.

कळीचा चुना मी रात्रभर विरवला, फडक्यातून गाळला, त्यात डिंकाचे पाणी आणि किंचित नीळ घातली. अंबाडीचा कुंचला ठेचून मऊ केला. चुलीमागच्या भिंतीवर, धुराने काळवंडलेल्या जागी, शेणाच्या रुपयाएवढ्या वीस-पंचवीस टिकल्या ओळीने चिकटवलेल्या होत्या. गोवऱ्या थापताना उरलेले शेण कोणी भिंतीला लावले असावे, असे मी समजलो. खुरप्याने त्या सगळ्या काढल्या. काहीही वाया घालवू नये हा माझा दुसरा नियम. म्हणून त्या चुलीत घालून मी अंघोळीचे पाणी तापवले. चुलीत काहीतरी तडतड फुटत होते. मी ते ऐकले आणि कुंचला घेऊन भिंतीकडे वळलो. पहिला हात आडवा दिला, दुसरा उभा. दुपारपर्यंत भिंत अशी झाली की मी तिच्यासमोर उगाच बसून राहिलो.

सोमवारी मी शाळेतून आलो तेव्हा मावशी सोप्यात उभ्या होत्या.

“बाप्पा! माह्यं घर हाय का तहसील कचेरी?” त्या हसल्या. भिंतीवरून त्यांनी तळवा फिरवला. मग त्या चुलीमागे गेल्या आणि हसणे थांबले. “मास्तर, इथल्या टिकल्या कुठी हायेत?”

“कसल्या टिकल्या?”

“शेनाच्या हो. वायकाचं बी होतं त्यायच्यात. माह्या सासूपासूनचं बी हाय ते.”

तेव्हा मला कळले. वाळकाचे, म्हणजे काकडीच्या जातीच्या त्या फळाचे, बी ओल्या शेणात दाबून चुलीमागे लावायचे, म्हणजे धुराने त्याला कीड लागत नाही, आणि मृग निघाला की टिकली फोडून ते पेरायचे, ही तिकडची रीत होती. मावशींचे वाळूक संग्रामपूरच्या बाजारात लोक नाव घेऊन मागत. वर्गात मी बीजाचे भाग फळ्यावर काढून दाखवत असे.

आदल्या दिवशी चुलीत तडतडले ते काय, हे मला त्या क्षणी स्पष्ट झाले, आणि त्याच क्षणी मी म्हणालो, “मी त्या नीट काढून अंगणात ठेवल्या होत्या. कुडापाशी.”

“कुडापाशी?” मावशींनी कुडाकडे पाहिले. “मंग गेल्याच त्या.”

मी कोणाचे नाव घेतले नाही. एवढ्यावर मी त्या रात्री स्वतःला निर्दोष ठरवू पाहिले. परंतु कुडापाशी ठेवलेले शेण त्या घरातून कोण उचलते, हे मला ठाऊक होते. जागा मी विचार करूनच निवडली होती असे म्हणवत नाही. न करता निवडली असेही म्हणवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पडवीत वह्या तपासत असताना मावशींचा आवाज चढला.

“काऊन व, कुडापासच्या टिकल्या तुनंच जायल्या ना चुलीत?”

“कोनत्या टिकल्या, बाई?” चाची पलीकडून म्हणाली. “म्या नाही पाह्यल्या.”

“शेन तू नेतं, गोवऱ्या तू नेतं, आन टिकल्या का भुतानं नेल्या? थांबून इचारलं असतं तं तोंड झिजलं असतं का तुह्यं?”

“खुदाची कसम, बाई...”

“सकायी सकायी कसम नोको खाऊ माह्या अंगनात.”

चाचीने कुडावरून माझ्याकडे पाहिले. मी लाल शाईची लेखणी हातात घेऊन खाली मान घातली. “बरं बाई,” ती म्हणाली, “तुमाले तसं वाटते तं तसंच.”

मावशींनी त्याच दिवशी भगदाडात बोरीच्या काट्या रोवल्या. ताक गाईच्या आंबोणात जाऊ लागले. संध्याकाळी पलीकडे चाचीची माणसे अंगणात जेवायला बसत. ती भाकरी पाण्यात कुस्करताना मला दिसत, कारण माझ्या पडवीचे तोंड तिकडेच होते. मी बसायची दिशा बदलली.

कबुलीची वाक्ये मी तीन वेळा तयार केली. प्रत्येक वेळी ती इतकी नेटकी झाली की त्यांत माझा दोष शोधावा लागे. मग उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि मी नांदुऱ्याला निघून गेलो. सुट्टीतही रविवार येत; त्या रविवारांच्या याद्या मी केल्या नाहीत.

परतलो तेव्हा मृग निघाला होता. तो शनिवार होता. मावशी शेतातून यायच्या होत्या. चाचीने कुडावरून हाक मारली आणि एक चिंधीची पुरचुंडी माझ्याकडे दिली.

“वायकाचं बी हाय, मास्तर. बाईनंच देल्लं होतं मले परसाली, थोडं राखलं होतं. माह्या हातचं त्या घेनार नाहीत. तुमी नांदुऱ्याहून आनलं म्हना.”

मी ती घेतली. एवढेच नव्हे, क्षणभर मला हायसे वाटले, हे लिहिले पाहिजे.

मावशी आल्यावर मी पुरचुंडी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी चार बिया तळहातावर घेतल्या, नखाने एक दाबून पाहिली. “हे तं माह्यंच बी हाय. कुठून आनलं?”

‘नांदुऱ्याहून’ हा शब्द जिभेवर होता. तो मी उच्चारला असता तर त्यांनी कदाचित विश्वासही ठेवला असता, आणि चाची जन्मभर चोर राहिली असती. मी सगळे सांगितले. तयार वाक्यांपैकी एकही आठवले नाही.

मावशींनी तळहातावरच्या बिया पुरचुंडीत टाकून गाठ मारली. मग म्हणाल्या, “मले कायले सांगता? जिले सांगाचं तिले सांगा. चाला.”

भगदाडातल्या काट्या त्यांनी मलाच काढायला लावल्या. चाची दारात कापसातली सरकी वेचत बसली होती. मी सांगू लागलो. तिचे हात थांबले नाहीत.

“मले ठाव हाय,” ती म्हणाली. “त्या रोजी धूर इकडंच येऊन राह्यला होता. आन तुमच्या चुलीत तडतड, तडतड. म्या म्हनलं, मास्तर चने भाजून राह्यला का काय इतवारचा!”

“मंग बोलली काऊन नाहीस व?” मावशी ओरडल्या. “माह्या शिव्या खाल्ल्या फुकटच्या!”

“कशी बोलू, बाई? मास्तर झूठा हाय म्हनलं असतं तं त्यायच्या शाळेत लेकरू कोनं पाठवलं असतं? माही दोन हायेत तिथं.”

दोन्ही मुले माझ्याच वर्गात होती. त्यांपैकी धाकट्याला मी त्याच वैशाखात, खोटे बोलला म्हणून, तासभर उभे केले होते. ते तिला माहीत होते की नाही हे मी विचारले नाही.

मावशी खाली बसल्या, आणि तिच्यापुढच्या ढिगातली सरकी वेचू लागल्या. माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, “उद्या इतवार हाय. आठ आळे खांदाचे हायेत, चार इकडं, चार तिकडं.”

रविवारी मी आळी खणली. दोघी कुडाच्या दोन बाजूंना बसून होत्या.

“अजून खोल, मास्तर,” चाची म्हणाली.

“इतकं नोको हो, बी का विहिरीत टाकाचं हाय?”

“बाई, त्यायले राहू द्या, घाम पाहा किती आला.”

“येऊ दे.”

मग त्या आपापसांत बोलू लागल्या. लेकीच्या बाळंतपणाविषयी, गाय आटत आल्याविषयी. माझ्या गुन्ह्याचा विषय कोणी काढला नाही. कोणी काढला असता तर मला उत्तर देता आले असते. आठवे आळे पुरे झाले तेव्हा चाचीने, चारचौघांत मास्तरांना मानाने द्यायचा तसा, दोन्ही हातांनी पाण्याचा लोटा माझ्यापुढे केला. तो घेताना मला मान वर करता आली नाही.