मोकळी राहिलेली नळी

ती घटना आजही डोळ्यांपुढून हलत नाही. नव्वदच्या दशकातली, म्हशाच्या जत्रेच्या दिवसांतली. मी तेव्हा शहापूर तालुक्यात फौजदार होतो. शिपाई म्हणून भरती झालो, शिक्षण बेताचं, म्हणून सरळ लिहितो.

धरणाच्या पाण्याखालची लोखंडी जाळी साफ करायला ठेकेदाराने दोन पाणबुडे लावले होते. दोघे एकाच पाड्यावरचे, लहानपणापासूनचे दोस्त. पाठीवर हवेची टाकी बांधून खाली गेले. एक वर आला तो दुसऱ्याचं प्रेत घेऊन. पंचनाम्यात दिसलं, मेलेल्याच्या टाकीची एक नळी सुरीने कापलेली. सुरी जोडीदाराच्या कमरेला.

संध्याकाळी खबर आली, जत्रेत दोघांची जुंपली होती. मेलेल्याचा बाप ठाण्याच्या पायरीवर येऊन बसला. "त्यानंच माझ्या पोराची हवा तोडली. त्याला बेडी घाला, नायतर मी हितून उठनार नाय."

जोडीदाराला समोर घेतला.

"मीच मारला, सायब. लिवून घ्या."

हवालदाराने कागद ओढला. मी त्याला थांबवला. खून केलेला माणूस आधी नाकारतो, नाहीतर कारणं सांगत सुटतो. हा दोन्ही करत नव्हता.

"का मारलास?"

त्याने बेडीसाठी दोन्ही हात पुढे केले.

"जत्रेत भांडलास ना?"

"भांडन कसलं? आमी शिव्या दिल्याबिगर बोलतच नाय."

दुसऱ्या दिवशी ठेकेदाराचा आणखी एक पाणबुड्या खाली उतरवला. त्याने नळीचा तुटका तुकडा वर आणला. त्याचं टोक जाळीच्या गजांत रुतून बसलं होतं. तो म्हणाला, ही जादा नळी, जोडीदाराची हवा संपली तर त्याला द्यायची. छातीशी रबरी पट्टीने बांधून ठेवायची. लोंबत राहिली तर अडकते, माणूस घाबरून ओढाताण करतो, आणि तोंडातली नळी सुटते. डॉक्टरांचा अहवालही तोच, बुडून मृत्यू, अंगावर झटापटीची खूण नाही.

तुकडा मी जोडीदारापुढे ठेवला. "सोडवायला कापलीस ना रे? मग पट्टी कुठंय?"

तेव्हा तो रडला. "माझ्या फटफटीवर हाय. जत्रेतून घोंगडी घेतली, ती बांधाया त्याच्याकडून पट्टी मागून घेतली. कामावर येताना परत द्याया गेलो, तर बोलला, र्‍हाऊ दे रे, लोंबू दे नळी, माकडाला शेपूट शोभतंच. मी बी हसलो, सायब."

खुनाचा गुन्हा लागला नाही. उतरण्याआधी सामान कुणीतरी हाताने ओढून तपासायला हवं होतं. ठेकेदाराने तसा माणूसच ठेवला नव्हता. निष्काळजीपणाचा गुन्हा त्याच्यावर नोंदवला.

बापाला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मंग आता शिव्या कोनाला देऊ, सायब?"

जोडीदाराला सोडलं तरी तो ठाण्याच्या खोलीतून बाहेर पडेना. शेवटी बापच आत गेला.

"ऊठ. खांदा द्याया चल."

सामान सुटं ठेवू नये, हे त्या दिवशी शिकलो. दुसरी गोष्ट कळायला म्हातारपण यावं लागलं. गेल्या साली बायको गेली. मी डॉक्टरला शिव्या घातल्या, पोराला घातल्या, रिक्षावाल्यालाही सोडलं नाही. चूक कुणाचीच नव्हती, हे कळतं. त्या बापाला एका दुपारीत जमलं, ते मला अजून जमलेलं नाही.