फेटा मी बांधला होता

बीडच्या मंगल कार्यालयात क्रिप्टोची परिषद भरली होती. मी एरवी लग्नांत माईक धरतो. या वेळी चहापानाला लोकांच्या एकमेकांशी ओळखी करून द्यायचं काम मिळालं. पुण्याहून आलेल्या पाहुण्याला मी रिवाजाप्रमाणे माझ्या हातानं फेटा बांधला आणि माईकवर म्हणालो, "हे आपलेच आहेत, मोकळेपणानं बोला." तो माणूस मला त्याच सकाळी पहिल्यांदा भेटला होता. तो विकतो ते नाणं काय असतं, तेही मला कळत नव्हतं.

त्याच्याकडं कुणी फिरकलंच नाही. सगळे माझ्याभोवती. नांदूरघाटचे एक काका माझा हात धरून म्हणाले, "माझ्या पोरीच्या लग्नात माईकवर तुमीच होते. तुमी फेटा बांधला म्हणल्यावर माणूस पक्काच हाय."

मी हात सोडवून घेतला. "काका, मला यातलं काही कळत न्हाई हो!"

ते हसले. "लई साधा माणूस."

अरे, ऐका की बाबांनो! पण नंबर घेतला तो प्रत्येकानं माझाच. पाहुणे फेट्यासकट गाडीत बसून पुण्याला गेले. माझं घर बसस्टँडच्या मागं आहे, आणि ते अख्ख्या बीडला माहीत आहे.