बाभळीखालचं गपगार जेवण

अण्णा गेल्याचा फोन सकाळीच आला. मी लगेच म्हाद्याला लावला, तर म्हणतो, "सुऱ्या, कुणाचा आवाज काढायलायस? सकाळ सकाळ असली चेष्टा करू नगंस." अख्ख्या गावाच्या नकला करून ठेवल्या की खरं सांगताना हे असं हुतंय… मग मी गपच बसलो. तवा त्याला पटलं.

सांगलीच्या टोकाला, आमच्या कॉलनीमागं बाभळी-बोरींचं रान हाय. ते तोडून गाळे बांधायचं महापालिकेत घाटत हुतं. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाचे अण्णा म्हणाले, "गाळे कुटंबी हुतील, रान हुणार न्हाई." अण्णा जैन, दिवस मावळायच्या आत जेवणार. त्यामुळं रान वाचवायची मीटिंग उन्हं कलल्यावर रानातच, डबे संगट घिऊन. पैल्यांदा चार डोकी आली. अण्णांच्या घरच्या शेंगाचटणीची बातमी फुटली आन् अर्धी कॉलनी पर्यावरणवादी झाली. मीबी त्यातलाच! अण्णा मला म्हणायचे, "मंत्र्याचा आवाज काढाय येतोय, आन् शेजारच्या तितराचा येत न्हाई व्हय रं?" मग हट्टानं तितराचं 'क्यातीतर' शिकलो. ते ऐकून अण्णा पोट धरून हसायचे. पण ताट पुढ्यात आलं की मौन. घास संपेपर्यंत अवाक्षर न्हाई. कुणी बोललंच, तर डावा हात वर, पाची बोटं ताठ. थांब!

आन् पाहणीचे साहेब आले ते नेमके जेवणाच्या टायमाला. चौफेर बघून म्हणाले, "इथं हाय काय? नुसता काटा. एक पाखरू दिसत न्हाई." रान राहतंय का जातंय ते त्यांच्या शेऱ्यावर, आन् आमच्या पुढाऱ्याच्या तोंडात भाकरी! पाटीलकाकू कळवळल्या, "आवं अण्णा, आज तरी बोला की!" अण्णांचा हात वर. काकू गप, आमी गप, साहेबबी गप झाले… आन् त्या शांततेत बोरीतनं आवाज आला, "क्यातीतर, क्यातीतर!" पलीकडनं दुसरा. मागनं तिसरा.

साहेब चिडले. "कोण नकला करतंय? बंद करा!"

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी आ वासला. तोंड भाकरीनं गच्च भरल्यालं!

साहेब हसता हसता खालीच बसले, मग जेवलेबी. अण्णांनी निवांत चूळ भरली आन् म्हणाले, "आमचं म्हणणं तितरांनी सांगितलंच की." पुढं चकरा लय माराव्या लागल्या, पण गाळे दुसरीकडं गेले आन् रानाला राखीव झाडीचा बोर्ड लागला. बोर्डाखाली पयला फोटो अण्णांनी तोंड मिटूनच काढला.

जेवायला आमी अजून जमतो, उन्हं कलल्यावरच. परवा म्हाद्या म्हणाला, "गड्या, अण्णांची नक्कल कर की." आवाज मला येतोय त्यांचा, अगदी खोकल्यासकट. पण मी घास तोंडात घातला आन् डावा हात वर केला. सगळी गपगार…

"क्यातीतर, क्यातीतर!"

म्हाद्यानं टकामका माझ्याकडं बघितलं. मी आ करून दाखवला.