काकांचा उजवा खिसा

सांगलीला माझ्या काकांची सराफी पेढी होती. तिजोरीच्या किल्ल्या कमरेला आणि परवान्याचं छोटं पिस्तूल उजव्या खिशात, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. त्याचे नियम आम्हा मुलांनाही पाठ होते. पिस्तुलाच्या खिशात दुसरं काही ठेवायचं नाही, किल्ली नाही, चिल्लर नाही, रुमालही नाही. नको ते चापात अडकतं. चाप झाकणारं कव्हर हवंच. घरी आलं की आधी गोळ्या काढायच्या, मग कुलपात.

"खिशात ते असताना मी शिंकतोसुद्धा जपून," काका सांगायचे.

आमच्याकडे परदेशात, टौरंगाला येताना पिस्तूल पोलीस ठाण्यात जमा करून यावं लागलं. इथे स्वसंरक्षणासाठी ते खिशात बाळगताच येत नाही, हे ऐकून ते चकित झाले.

"मग लोक करतात काय?"

"काही नाही, काका. कोपऱ्यावरच्या डेअरीत जातात, दूध घेऊन परत येतात."

उजवीकडचं वजन गेल्यामुळे काका डावीकडे कलून चालायला लागले. काकू म्हणाल्या, "अहो, सरळ चाला. लोकांना वाटेल, झटका येऊन गेलाय."

दोन-तीन दिवस त्यांनी कळ काढली. मग फळांच्या टोपलीतला एक कडक किवी उचलला, सोनं जोखावं तसा तळहातावर जोखला आणि खिशात टाकला. काकूंनी माझ्या जुन्या मोज्याचं कव्हर शिवून दिलं. रुमालाची बदली डाव्या खिशात झाली. घरी आले की किवी वरच्या कपाटात. माझ्या मुलीला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. तिने एकदा तो घ्यायला हात वर केला, तर काका गरजले, "हात लावू नकोस!"

"इट्स अ फ्रूट, आजोबा!"

"असं समजूनच अपघात होतात."

ते दिवस वसंताचे. या दिवसांत इथले मॅगपाय, म्हणजे कावळ्याएवढे काळेपांढरे पक्षी, घरट्याजवळून जाणाऱ्यांवर झडप घालतात. एका सकाळी आम्ही तिघं पार्कमध्ये फिरत होतो. काकू पुढे होत्या. झाडावरून एक मॅगपाय सुटला तो थेट त्यांच्या अंबाड्यावर.

"बाजूला हो!" काका ओरडले आणि त्यांचा हात खिशात गेला.

मोजा अडकला. त्यांनी जोर लावला, तसा अख्खा खिसाच उलटा होऊन बाहेर आला. खिशाच्या उबेत किवी पिकून लोणी झाला होता. काकांनी तो मुठीत धरून पक्ष्यावर रोखला, आणि बोटांच्या फटींतून हिरवा गर थेट कोपरापर्यंत ओघळला. मॅगपाय वळून पुन्हा आला. तेवढ्यात काकूंनी पायातली जँडल, म्हणजे इथली रबरी चप्पल, काढून उगारली, "हाड्!" आणि तो पसार झाला.

कुत्र्याला फिरवणाऱ्या एक बाई थांबल्या. "किया ओरा!" त्यांनी इथला नमस्कार केला. "यू ऑलराइट?"

मी काय घडलं ते सांगितलं. काकांच्या हाताकडे बघूनही त्या हसल्या नाहीत. उलट उपाय सांगितला: आइस्क्रीमचा रिकामा डबा डोक्यावर घालायचा, त्याच्या मागच्या बाजूला डोळे काढायचे. आपल्याकडे कुणी बघतंय असं वाटलं की मॅगपाय येत नाहीत.

घरी येताच काकांनी सरळ नळ उघडला. सिंकपाशी हात धुताना म्हणाले, "इतकी वर्षं बाळगलं, पण काढायची वेळ एकदाही आली नाही. बरंच झालं म्हणायचं. वेळेवर निघालंच नसतं."

"मला ठाऊक होतं," काकू म्हणाल्या. "म्हणून तर मी लग्नापासून चपला जाड तळव्याच्या घेते."

दुसऱ्या दिवशी माझ्या मुलीने डब्यावर दोन टपोरे डोळे काढले, लांब पापण्यांसकट. काका हनुवटीखाली इलॅस्टिक अडकवून ऐटीत निघाले. शेजारी लॉन कापत होते. "लुकिंग गुड, मेट!" ते ओरडले. काकांनी डबा किंचित उचलून त्यांना नमस्कार केला.

काकू समोरच्या फुटपाथवरून चालत होत्या, या गृहस्थांशी आपला काहीही संबंध नसल्यासारख्या.