पटावरचं सातवं नाव

हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, बरोबरच्या मास्तरांनाही नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षातली गोष्ट, आता चाळिशी आली — म्हणजे इतकी वर्षं मी गप्प आहे. देव-भूत-भगत असल्या भानगडीत मी कधी पडलो नाही. अंगात आलेल्या माणसाला पाणी पाजून घरी पाठवणारा मी. म्हणूनच हे लिहिताना हात अडखळतो...

सातवीची फायनल पास होऊन मी बदली शिक्षक म्हणून लागलो होतो. कायमचे गुरुजी आजारी पडले की आम्हाला धाडत. पौडपर्यंत एस्टी, पुढे मुळशी धरणाच्या पाण्याकडेनं तीन तास पायी. वाडीचं नाव लिहीत नाही. मारुतीच्या देवळाचा सभामंडप हीच शाळा. चार इयत्ता एकत्र, पटावर एकतीस मुलं. भातं निघाली होती, त्यामुळे पोरं मोकळी आणि माजलेली.

पहिल्या दिवशी पायरीवरच कानावर आलं,

"ह्यो किती दिस टिकतोय?"

"आदला चौथ्या दिशी पळाला. पिशवी बी हितंच इसरला."

मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि हजेरीपट उघडला. अनोळखी वर्गात माझा एकच उपाय असे — मान खाली घालून नावं घेत सुटायचं आणि आवाजावर खूण करायची. चेहऱ्यांकडे पाहिलं की मला बोलणंच सुचत नसे.

सातवं नाव होतं सोना धोंडू. नावाशेजारी शिसपेन्सिलीचा बारीक ठिपका होता. तो कशाचा, ते गुरुजींनी कुठं लिहून ठेवलं नव्हतं. मी नाव घेतलं.

"हाये, हाये."

पाण्याकडच्या खांबाजवळून आला आवाज. जरा धापा टाकत, चढ चढून आल्यासारखा. मी खूण केली आणि लक्षात आलं, मंडपातला गलका बंद झालाय. सगळी पोरं चिडीचूप.

मला वाटलं, वचक बसला. दुसऱ्या दिवशी तसंच, तिसऱ्या दिवशी तसंच. मग तर मी ते नाव छडीसारखं वापरू लागलो. पाढ्यांच्या वेळी दंगा वाढला की पट न उघडताच म्हणायचं, "सोना धोंडू." वर्ग गार. आणि खांबाजवळून ते — हाये, हाये. खरं सांगतो, त्या वाडीत मला मनापासून ओ देणारं तेवढंच एक माणूस होतं. घरची आठवण आली की उगीचही मी ते नाव घ्यायचो. मान वर करून कोण बोलतंय ते पाहावं, हे बारा दिवसांत एकदाही सुचलं नाही. का, ते आजही सांगता येत नाही.

तेराव्या दिवशी मधल्या सुट्टीत एक बाई पायरीशी येऊन उभी राहिली. डोक्यावर लाकडाचा भारा.

"गुरुजी, तुमीच का बदलीचं?"

"हो."

"पोरं सांगत्यात, तुमी माज्या सोनीला हाका मारताया."

"मग? पटावर नाव आहे तिचं."

"नाव हाय. पोरगी न्हाई." तिनं भारा उतरवला. "भादव्यात तापली. डोलीतनं पौडाला न्हेत व्हतो... निम्म्या वाटंत गेली."

मग तिनंच सांगितलं. पट कमी झाला की शाळा बंद होते, म्हणून गुरुजींनी नाव काढलं नव्हतं. रोज हजेरीची खूण तेवढी करायचे. ठिपका म्हणजे — हे नाव वाचायचं नाही. वाडीला माहीत होतं, पोरांना माहीत होतं. मला एकट्यालाच नव्हतं.

"पोरांस्नी काय ऐकू येत न्हाई," ती म्हणाली. "पर तुमी हाक मारून थांबताया म्हनं. मान हलवताया." मग आवाज खाली आणून, "ती ओ देती का वो?"

मी हातातला खडू खाली ठेवला.

"येकदाच ओ न्हाई द्यायची ती. पान्याकडं आसली तरी पळत यायची अन दोनदा म्हनायची. हाये, हाये."

मी तिथंच पायरीवर बसलो. आणि म्हणालो, "चुकून घेतलं गेलं नाव, बाई. कुणी ओ देत नाही."

"मंग उद्या माज्याम्होरं हाक मारा येक डाव. मी हितंच बसते, आत येत न्हाई. मला न्हाई आलं ऐकू तर न्हाई. तुमाला आलं तर निस्ती मान हलवा."

"बरं," मी म्हणालो.

संध्याकाळी पट उघडला. मेलेल्या मुलीच्या नावापुढे माझ्या हातच्या तेरा खुणा. बोभाटा होऊन साहेबांपर्यंत गेलं तर गुरुजींची नोकरी जाईल आणि माझी कायम व्हायच्या आधीच सुटेल — असं मी स्वतःला समजावलं. पण त्याहून खरं निराळंच होतं. तिच्यासमोर हाक मारली आणि आवाज आला नाही, तर तो मला पुन्हा कधीच येणार नाही, अशी मला भीती वाटली. ज्या आईची पोर, तिच्यापासून मी तो आवाज राखून ठेवत होतो.

दुसऱ्या दिवशी ती माझ्याआधीच आली होती. धुतलेलं लुगडं, मांडीवर लख्ख पुसलेली एक पाटी, तोंड खांबाकडे. मी हजेरी सुरू केली. सहावं नाव झालं. ठिपका दिसला. मी आठवं नाव घेतलं.

चौथीतली चंद्री उभी राहिली. "गुरुजी, येक नाव ऱ्हायलं."

"खाली बस."

"पर सोनीची आय..."

"खाली बस म्हटलं ना."

बाई हलली नाही. पाढे झाले, शुद्धलेखन झालं. शाळा सुटली तेव्हा तिनं विचारलं, "झाली का वो हजेरी?"

"झाली."

"बरं." पाटी पदराखाली घेऊन ती चढाला लागली. रागावली असती तर बरं झालं असतं.

सगळी गेल्यावर, दिवस अजून वर असताना, मी रिकाम्या मंडपात नाव घेतलं. एकदा, दोनदा, कितीदा तरी. पाण्यावरून वारा येत होता, तेवढाच. राहिलेले सगळे दिवस घेतलं. ओ आली नाही.

त्यानंतर किती शाळा झाल्या. कुठलाही वर्ग असो, सहाव्या नावानंतर मी जरा थांबतो. गुरुजींना डुलकी लागली म्हणून पोरं हसतात. तो आवाज मलाच का ऐकू आला, बाईनं सांगायच्या आधी ते "हाये, हाये" माझ्या कानात कुठून आलं — मला काही उलगडलेलं नाही. त्या वाडीला मी पुन्हा गेलो नाही. बाई असेल अजून. फार वयाची नव्हती.

ओ देती का, एवढंच तिनं विचारलं होतं. मी तिचं एक "होय" देणं लागतो.