परत पाठवायचा मंत्र

आमच्या रविवारच्या लेखन-गटात लिखाण कमी आणि गोंधळ जास्त होतो. तिघंच जण आहोत, दोन वर्षांत एकाचीही कादंबरी पूर्ण नाही. किस्से मात्र एका पुस्तकापुरते तयार आहेत!

जमतो पनवेलला, प्रणालीच्या हॉलमध्ये. ती फँटसी लिहिते. पहिल्याच प्रकरणात तिच्या मांत्रिकाने रिंगण आखून एक पिशाच्च बोलावलं आणि त्याने अख्खं गाव उलथवलं.

"दुष्ट!" कुलकर्णी सर म्हणाले. सर विज्ञानाचे, रिटायर्ड. मीही मान डोलावली.

पेपरमागून प्रणालीच्या सासऱ्यांनी, म्हणजे आमच्या काकांनी विचारलं, "त्याला बोलावला कोनी?"

"मांत्रिकाने."

"मंग तो दुष्ट कसा?"

तेव्हापासून माझं डोकं जे फिरलंय, ते अजून जागेवर नाही.

*

शेवटी मतदान घेतलं. पिशाच्च दुष्ट की नाही? प्रणालीची चिठ्ठी "हो", काकांची "नाय", माझी कोरी. सरांनी पाठपोट पान भरून दिलं, शेवटचा शब्द "तथापि"!

*

प्रणालीने काकांचं म्हणणं फारच मनावर घेतलं. पिशाच्च एकदम सुधारलं, गावाची विहीर खणू लागलं. सर वैतागले, "अहो, मग खलनायक कोण?"

पुढच्या रविवारी मांत्रिक खलनायक झाला होता. चष्मा कपाळावर आणि दर दोन वाक्यांनी "विषयाला धरून बोला!"

सर चष्मा कपाळावर सरकवत म्हणाले, "हा माणूस ओळखीचा वाटतोय." आम्ही चहा ओतून घेतला.

*

काका मात्र प्रत्येक प्रकरणानंतर एकच विचारायचे, "त्याला परत कसा पाठवला?"

मांत्रिकाला ते येतच नव्हतं! कादंबरी तिथेच अडली. मग परत पाठवायचा मंत्र आम्हीच रचायला बसलो. "मंत्रबिंत्र सगळं थोतांड," सर म्हणाले, आणि पुढे तासभर तो वृत्तात बसवत राहिले!

*

मागच्या रविवारी मंत्र वाचून झाला आणि काकांनी पेपर खाली ठेवला.

"सूनबाई, यो मला कागदावर लिवून दे. मोठ्या अक्षरात."

"कशाला, बाबा?"

"माझ्या आज्यानं उलव्याच्या शेतावर राखणदार बोलावलेला, तुमच्या त्या पिशाच्चावानी. वरसाला नारळ द्याचा, तो शेत राखाचा. शेत विमानतळात गेला. आमाला दुसरीकडं प्लॉट मिलाला, आमी आलो. त्याला कोनीच नाय सांगितला. तो आजून तिथंच हुबा असंल."

हसावं की काय करावं, काही कळेना. प्रणालीने मंत्राचा कागद सरांपुढे सरकवला.

सरांनी खिशातलं पेन काढलं.

"थांबा," ते म्हणाले, "दुसऱ्या ओळीत एक अक्षर जास्त आहे. नीट करून देतो."