बापांना बोलायला लावणाऱ्या मावशी

रायपुरात जन्मलेलं एकही बाळ त्याच्या आईबापाच्या हाती निर्धास्तपणे सोपवावं, असं माझ्या बायकोच्या मावशींना आजवर वाटलेलं नाही. अंगणवाड्यांच्या सुपरवायझर म्हणून त्या रिटायर झाल्या, पण ते फक्त सरकारी कागदावर. रायपूर राजधानी झालं, रस्त्यांवरून मंत्र्यांच्या गाड्या धावू लागल्या, आणि मावशी पुरानी बस्तीतल्या देवळाच्या ओट्यावर पालकांचे वर्ग घेतच राहिल्या. पालक वर्गाला आले नाहीत तर वर्ग पालकांकडे जाई. तात्यापाऱ्यातल्या एका लग्नात त्यांनी मांडवातून पाच बाप गोळा केले, प्रत्येकाच्या मांडीवर त्याचं लेकरू ठेवलं आणि फर्मावलं, "बोला याच्याशी. पोट्टं तुमचंच आहे ना?" एक बाप घाबरून बाळाला म्हणाला, "नमस्कार." तिकडे मंगलाष्टकं खोळंबली होती, पण मावशींना त्याचं काही नव्हतं.

दुकानातल्या खेळण्यांचा त्यांना मनस्वी राग. बारशाला कोणी बॅटरीवरची मोटार आणली की ती माळ्यावर जाई आणि स्वयंपाकघरातल्या वाट्या, चमचे, चाळणी बाळासमोर येत. समता कॉलनीतल्या एका दवाखान्यात तर त्या धडधाकट असतानाही जाऊन बसत, कारण नंबर येईपर्यंत तिथून आयांना हलता येत नसे.

मी त्यांना मनसोक्त हसत असे. मग आमची पोर अडीच वर्षांची झाली आणि एक शब्द बोलेना. कान तपासले, ते ठीक निघाले. बायको रडू लागली, माझंही हसू आटलं. मावशी आल्या आणि दिवसभर भिंतीला टेकून आम्हाला नुसत्या पाहत बसल्या. आम्ही वर्ध्याहून बदलीवर आलेलो. पुढे शाळेत अडू नये म्हणून पोरीशी हिंदीतच बोलायचं ठरवलेलं. पण आमचं हिंदी "दूध पी लो" आणि "इधर आओ" इथंच संपायचं. उरलेला दिवस घर चिडीचूप.

"काहून मुके होऊन राहिले तुम्ही?" मावशी कडाडल्या. "जी भाषा येते तीत बोला, पण दिवसभर बोला. तिनं बोट दाखवलं तरी तिले जवाब द्या."

दुसऱ्या दिवसापासून मी दाढी करताना पोरीला गालाचा भूगोल सांगू लागलो. बायको कांदा चिरता चिरता कांद्याचीच गोष्ट सांगे. आमचं भांडण जुंपलंय असं वाटून शेजारच्या भाभी दोनदा मिटवायला आल्या. मावशी रोज तपासणीला येत. असे तीन महिने गेले, आणि एका सकाळी माझ्या तोंडावरच्या फेसाकडे बोट दाखवून पोरीनं विचारलं, "काहून?"

मी अर्ध्या दाढीनिशी मावशींच्या घरी पळालो. ऐकून त्यांनी टाळी वाजवली, आणि मग एकाएकी खाली बसल्या.

"आमचा पोट्टा पहिल्यांदा बोलला तवा मी दौऱ्यावर होती, जावईबापू. दुसऱ्याच्या आयांले शिकवून राहिली होती. सासूबाईनं ऐकलं. काय बोलला ते विचारीन, विचारीन म्हणता म्हणता त्या गेल्या."

मला फार वाईट वाटलं. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "मग आता मुलालाच विचारा ना फोनवर."

"त्याले कसं माहीत असन?" मावशी म्हणाल्या. "त्याले ते सांगाचं काम माहं होतं न."